विमानाची कट्टी

मी तीस वर्षं विहिरींचे नकाशे काढले. जिल्ह्याच्या कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर. माझ्या हातच्या सगळ्या विहिरी एकीखाली एक जोडल्या तर पृथ्वीला आरपार भोक पडून पलीकडच्या लोकांच्या अंगणात वर्ध्याचं पाणी निघेल. अशा जन्मभर खाली-खाली जाणाऱ्या माणसाला एके दिवशी विमान काढायला सांगण्यात आलं. सांगणाऱ्याला नाही म्हणायची सोय आमच्या घराण्यात नव्हती, कारण तो आमचा जावई होता.

जावई म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. मी त्यांना भाऊजी म्हणतो. आमच्याकडे जावई म्हणाला सूर्य मावळतीच्या सावंगीकडून उगवतो, तर कोणी वाद घालत नाही, खाटा फिरवून घेतात. खुद्द माझ्या वडिलांनी या भाऊजींच्या शब्दाखातर मे महिन्यात दोन दिवस स्वेटर घातला होता. भाऊजी म्हणाले होते, हवेत गारवा हाय. जावयाने सांगितलेला आकडा तपासून पाहायचा नसतो. तो नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून तर त्याच्यावर खोडरबर चालत नाही.

भाऊजी कापसाच्या जिनिंगमध्ये मापारी होते. बैलबंड्या भरून कापूस यायचा, भाऊजी तो काट्यावर घ्यायचे आणि वजन सुरात ओरडायचे. त्यांचा आवाज असा की पुलगावला गाडी सुटायची थांबायची, लोकांना वाटायचं स्टेशनमास्तरच काही सांगून राहिला. आता जिनिंगमध्ये काटा दाखवतो ते वजन शेतकऱ्याच्या नावावर कधीच पडत नाही. ओल आहे, माती आहे, काडीकचरा आहे म्हणून त्यातून थोडं कापतात. त्याला कट्टी म्हणतात. माझी बहीण, म्हणजे ताई, पक्की शेतकरीण. बापाच्या बंडीवर बसून लहानपणापासून कट्टीच्या नावाने बोटं मोडलेली. पाहायच्या कार्यक्रमात तिने खाली मान घालून एकच प्रश्न विचारला होता.

"कट्टी किती कापता?"

भाऊजी म्हणाले, "घरच्या मालाले नाई कापत."

या उत्तरावर लग्न झालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विमान आलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. दक्षिणेकडे कुठल्याशा हौशी लोकांचा क्लब मोडला आणि त्यांचं न उघडलेलं विमान, सुट्या भागांचं, घरी जोडायचं, ते आमच्या भाऊजींकडे निघालं. कशाच्या बदल्यात, ते मी विचारलं नाही. तीन पेट्या यायच्या होत्या. वर्धा स्टेशनच्या पार्सलात दोन आल्या. एकीत ॲल्युमिनियमच्या नळ्या, पंखांचं कापड आणि बोल्टांच्या पुड्या. दुसरीत दोन स्ट्रोकचं इंजिन, लाकडी पंखा आणि इंग्रजी पुस्तकाचा पहिला अर्धा भाग. तिसऱ्या पेटीत शेपटी होती. ती अजून यायची आहे.

"साळेबुवा," भाऊजी मला म्हणाले, "तुम्ही नकाशेवाले. शेपूट तुम्ही काढा."

"भाऊजी, मी विहिरी काढतो."

"मंग? विहीर उभी, शेपूट आडवं. तुमाले पाटीच तं फिरवा लागते."

दर रविवारी मी नालवाडीहून सायकल मारत पुलगाव रस्त्यावरच्या त्यांच्या गावी जायला लागलो. शेताच्या कडेला टिनाचं मोठं शेड होतं. ते ताईने स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं, कापूस साठवायला. भाव येईपर्यंत कापूस ठेवायचा तर जागा लागते, आणि जागा नसली की तो घरात येतो. विमान शेडमध्ये गेलं आणि कापूस घरात आला. आधी मधल्या खोलीत, मग देवघरात, मग पलंगावर. देवघरात देव कापसातून नुसते डोकं काढून बसलेले असत. माणसं ढिगावर चढून झोपत आणि सकाळी खाजवत उतरत. कापसातले किडे इतके बारीक की दिसत नाहीत, पण मी एकदा मुक्काम केला तर सोमवारी कचेरीत माझ्या हातून सगळ्या विहिरी वेड्यावाकड्या निघाल्या.

ताई पहिल्याच वर्षी कंबरेला पदर खोचून शेडच्या दारात उभी राहिली.

"हे कई उडन?"

"उडन नं," भाऊजी म्हणाले.

"मी कई इचारून राह्यली. मले तारीख पाह्यजे."

"तीन उन्हाळे दे."

"देल्ले. तिसऱ्या मिरगाच्या आधी हे जमिनीवरून उठलं तं शेड तुमचं. जलमभर तोंडातून शब्द नाई काढणार. नाई उठलं तं मिरगाच्या सकाळी या नळ्या उपसून मांडव घालतो अन् वालाचा वेल चढवतो त्याच्यावर."

भाऊजी मापारी माणूस. मोजमाप पक्कं केल्याशिवाय सौदा नाही. "किती उठा लागन?"

ताईने इकडेतिकडे पाहिलं. एक कोंबडी पायात घोटाळत होती. "चाकाखालून कोंबडी निंगली पाह्यजे. धावती."

ठरलं. भाऊजींची अवस्था तुम्ही समजून घ्या. हा माणूस तीस वर्षं लोकांचा माल काट्यावर चढवत आणि उतरवत जमिनीला खिळून राहिलेला. त्याला एकदा, कोंबडीभर का होईना, वर जायचं होतं. मला म्हणाले, "साळेबुवा, वालाच्या शेंगा खाऊन मरायचं नाई मले."

आता शेपटीचं सांगतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर अख्ख्या विमानाचा एक फोटो होता, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यावरून मी भिंगाने मापं घेतली. पंख किती इंच ते पुस्तकात होतं, म्हणून पंखाला पट्टी लावून त्या हिशोबाने शेपूट मोठं करत नेलं. तीन महिने भिंगात पाहून माझा उजवा डोळा डाव्यापेक्षा मोठा झाला. आजही चष्मेवाला विचारतो. शेपूट झालं, बसलं, आणि विमान लांबून एखाद्या शेपूट तुटलेल्या बकरीसारखं दिसायला लागलं.

पहिल्या उन्हाळ्यात ते शेतात काढलं. भाऊजी बसले, इंजिन सुरू झालं, आणि विमान जागच्या जागी गोल फिरायला लागलं. घाण्याचा बैल परवडला, तो निदान एका दिशेने फिरतो. हे अर्धा फेरा असं, अर्धा फेरा तसं. भाऊजींना ओकारी झाली. कोंबडी पळून गेली. त्या संध्याकाळी मला कळलं की तो फोटो तिरका काढलेला होता. तिरक्या फोटोत बैलाची शेपटीसुद्धा आखूड दिसते. विहिरीचा कोणी तिरका फोटो काढत नाही हो, मला काय ठाऊक!

तेवढ्यात गावभर झालं. जो येईल तो एकच विचारी, "कापूस फवारायचं व्हय काय?" त्या वर्षी बोंडअळीने भंडावून सोडलं होतं, लोकांना आकाशातून काहीही पडलेलं चाललं असतं. तलाठी वही घेऊन आला आणि पेन्सिल कानावरून काढत म्हणाला, "पीकपेऱ्यात विमान कोणत्या रकान्यात लिहू? कोरडवाहू का ओलीत?" पोलीस पाटलाने बजावलं, "पुलगावकडं तोंड करून उडवू नोका, तिकडं मिलिटरीचा दारूगोळा हाय." म्हणजे आमचं विमान उठायच्या आधीच अर्धं आभाळ बंद.

दुसऱ्या वर्षी मी शेपूट लांब केलं आणि विमान दोराने कडूनिंबाला टांगलं. अशी तऱ्हा आहे: पंखाच्या ठरलेल्या जागी दोर बांधून टांगायचं, नाक किंचित खाली झुकलं तर तोल बरोबर. आमचं विमान मागच्या मागे बसलं. बसलं म्हणजे कसं, रागावलेला बैल बसतो तसं. शेपूट लांबलं, ते जड झालं, मग नाक वर गेलं. मग सीट पुढे घे, बॅटरी पुढे घे, पेट्रोलची टाकी सरकव. सहा महिने मी तसूतसूने सामान पुढे नेत होतो आणि मागून एक माणूस ते भरून काढत होता.

तो म्हणजे आमचा मिस्त्री. गावचा वेल्डिंगवाला. लोखंडी बंड्या, खिडक्यांच्या जाळ्या, वखराच्या पासा, सगळं तोच करायचा. त्याच्या हातची बंडी विहिरीत पडली तर विहीर फुटते, अशी कीर्ती. या माणसाला हलकं हा शब्द शिवीसारखा लागायचा. एका रविवारी मी पोहोचतो तो विमानात पायाखाली जाडजूड, दहा गेजचा लोखंडी पत्रा.

"हे काय, मिस्त्री?"

"पाय ठेवाले. ॲल्युमिनियम व्हय नं भाऊ ते. आमच्या घरी भात शिजवाचा ॲल्युमिनियमचा गंज हाय, उतू गेला तरी वाकते."

"अरे, हे उडायचं आहे!"

"उडन नं. पन मजबुतीत उडन."

पुढच्या रविवारी सीटमागे कॅरियर. "डबा कुठी ठेवान मंग?" त्याच्या पुढच्या रविवारी चाकांवर मडगार्ड. मग भोंगा. मी कपाळावर हात मारून विचारलं, वर कोण आडवं येणार आहे? तो म्हणाला, "आला एखाद् वेळी, तं?" देवाच्या तसबिरीसाठी त्याने पितळी चौकट बसवली, तिला अगरबत्तीचं घर, अगरबत्तीच्या घराला झाकण. भाऊजींना मी तक्रार करायची सोय नव्हती, कारण भाऊजी प्रत्येक गोष्टीवर "पक्कं काम" म्हणून मान डोलवत.

तेव्हा मी कागदाचा आसरा घेतला. पुस्तकात लिहिलं होतं: रिकामं विमान सव्वाशे किलोच्या वर नको, बसणारा माणूस पंचाहत्तरच्या वर नको. मी म्हणालो, सगळं खोला, एकेक नग मोजा, जड झालं असेल तर मिस्त्रीचं सामान निघेल. भाऊजींच्या डोळ्यांत चमक आली. जिनिंगने टाकून दिलेला मोठा काटा त्यांनी निवृत्तीच्या वेळी घरी आणला होता, तो तेल-पाणी करून शेडमध्ये मांडला. ते एकेक नग चढवत आणि जुन्या सुरात आरोळी देत, "तीन किलो शंभरऽऽ, घ्याऽऽ!" मी लांब फळीवर मांडी घालून वहीत लिहीत होतो. काट्याकडे मी एकदाही पाहिलं नाही. जावई वजन सांगतो आणि साळा मान वाकडी करून काटा पाहतो, हे दृश्य आमच्या वडिलांनी पाहिलं असतं तर दुसरा स्वेटर घातला असता.

एकसष्ट नग झाले. शेवटी भाऊजी स्वतः काट्यावर चढले आणि स्वतःच ओरडले, "एकाहत्तरऽऽ!" बेरीज केली: विमान एकशे अठरा. सात किलो खाली! मिस्त्री माझ्याकडे असा पाहायला लागला की मीच त्याच्या भोंग्याची माफी मागितली.

तिसरा उन्हाळा. मिरगाला नऊ दिवस उरलेले. तोल बरोबर, शेपूट लांब, वजन कागदावर झकास. मिस्त्री टोपलीत कोंबडी घेऊन शेताच्या बांधाशी, धुऱ्याजवळ बसला. भाऊजींनी डोक्याला रुमाल बांधला, देवाला अगरबत्ती लावली, झाकण लावलं, भोंगा वाजवला आणि विमान सोडलं.

काय धावलं हो! शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढेकळं उधळत, गावातली कुत्री मागे टाकत. पण धावलंच. बाभळीजवळ भाऊजींनी मूठ सोडली, वळवलं, परत धाववलं. तिसऱ्यांदा धाववलं. चाकं जमिनीला अशी धरून होती जशी लेकरं आईला. कोंबडी टोपलीतच राहिली, आणि रात्री तिचा झणझणीत रस्सा झाला. चार दिवस असं चाललं. चार कोंबड्या गेल्या. मिस्त्रीच्या बायकोने पाचवी द्यायला नकार दिला.

मी पुस्तक फाटेपर्यंत वाचलं. इंजिनाची ताकद पुरत होती, पंख पुरत होते, वारा पुरत होता. मी वैतागून रडकुंडीला आलो. ताईने एकही टोमणा मारला नाही; ती फक्त एके दिवशी दुपारी लुनावर जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा डब्यासोबत वालाच्या बियांची पुडी होती. तिने ती फळीवर ठेवली. भाऊजींनी पाहिली.

त्याच वेळी मिस्त्रीने वाकलेलं चाक बदलून नवं आणलं होतं. मी थकून म्हणालो, "मोजून घ्या, भाऊजी." भाऊजींनी चाक काट्यावर टाकलं आणि मेल्या आवाजात ओरडले, "साडेपाचऽऽ."

मी वहीत लिहिलं. ताई काट्याजवळ उभी होती. तिला काटा वाचायला कोणाची बंदी नव्हती, तिचा तो नवरा होता.

"काटा तं सहा दाखवून राह्यला," ती म्हणाली.

"हो," भाऊजी म्हणाले.

"मंग साडेपाच काऊन म्हनता?"

"अवं, कट्टी नाई कापा लागत काय?"

शेडमध्ये अशी शांतता झाली की घरातला कापूस फुगल्याचा आवाज आला. भाऊजींनी आपलीच जीभ चावली. ते कपटी नव्हते हो. तीस वर्षांत त्यांच्या जिभेवर काट्यातलं खरं वजन कधी आलंच नव्हतं. डोळा सहा पाही आणि तोंडातून साडेपाच बाहेर पडे. बाकीच्यांना श्वास लागतो तशी त्यांना कट्टी लागत होती.

ताई हळू आवाजात म्हणाली, "घरच्या मालाले नाई कापत म्हनलं होतं नं?"

मी वही चाळायला लागलो. एकसष्ट नग, एकसष्ट कट्ट्या. जड नगाला किलो, मधल्याला अर्धा, हलक्याला पाव. रिवेटांच्या एका पुडीपुढे नुसती फुली होती. तिचं वजनच पाव किलो, कट्टी कापल्यावर काही उरलं नव्हतं. आणि ते एकाहत्तर?

"भाऊजी," मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "स्वतःची किती कापली?"

ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "मोठा नग. पाच."

पुन्हा मोजलं. ताई वाचत होती, मी लिहीत होतो, भाऊजींना तोंडावर हात ठेवून बसवलं होतं. विमान एकशे एकोणपन्नास भरलं. एक अख्खं पोतं आम्ही महिनोन्महिने कागदावर कापत आणि शेतात ओढत होतो. मिस्त्रीच्या मजबुतीवर गदा आली. पत्रा गेला, कॅरियर गेलं, मडगार्ड गेले. भोंगा काढताना त्याने तो एकदा शेवटचा वाजवला. तसबिरीची चौकट त्याने छातीशी धरून घरी नेली. इतकं करूनही पाच-सात किलो वरच राहिले, आणि त्याच्यावर भाऊजी एक किलो. मिरग परवावर आलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं की आधी इंजिन पूर्ण ताकदीने जागेवर चालवून पाहू, ओढतं किती. विमानाचं शेपूट दोराने गुरांच्या खुंटीला बांधलं. एका पंखाला मी, एकाला भाऊजी, मागे मिस्त्री. मूठ पिळायला आत कोण बसेल? मूठ लुनाची होती. मिस्त्रीने तीच बसवली होती.

"ताई, तू बस. तुला लुना येते," मी म्हणालो.

"मले कामं हायेत."

"दोन मिनिटं."

ती पदर खोचून बसली, सासरी वरच्या ओट्यावर बसावं तशी, अंग चोरून. ताई वजनाने शेचाळीस किलो. हे मी काट्यावर पाहिलं होतं. भाऊजी ओरडले, "पिळ!" तिने पिळली. लुनाला चढावर पिळावी तशी, पूर्ण. इंजिन किंचाळलं, आम्ही पंखाला लोंबकळलो, आणि मग ज्या खुंटीने दहा वर्षं दोन बैल धरले होते ती फुटलेल्या दातासारखी उपटून निघाली.

मी पडलो. भाऊजी पडले. मिस्त्री दोर धरून चार पावलं धावला आणि शहाणपणाने सोडला. विमान निघालं, मागे दोर, दोराच्या टोकाला खुंटी उड्या मारत. ताई ओरडत होती की शिव्या देत होती, इंजिनामुळे कळलं नाही. आणि मग खुंटीच्या उड्या थांबल्या.

आज गावात विचाराल तर कोणी सांगेल ती कडूनिंबावरून गेली, कोणी म्हणेल पुलगावच्या गिरणीच्या चिमण्या तिला दिसल्या. मी थापा मारतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी कमी सांगतो तेव्हा ऐका. दोर पंधरा फूट होता, आणि खुंटी अधांतरी लोंबत होती. बस. त्याच्यावर एक इंचही मी लावत नाही. बाभूळ दिसताच ताईने मूठ सोडली, लुना थांबवतात तशी, आणि विमान वखरलेल्या मातीत धप्पकन बसलं. एक चाक तिरपं झालं. ती उतरली, चप्पल शोधली, पदर झटकला.

मिस्त्री धापा टाकत पोहोचला आणि म्हणाला, "पन कोंबडी नाई गेली खालून. कोंबडीच नव्हती."

तो खरं बोलत होता. ताईला शेड परत मिळायला एवढा एक मुद्दा पुरला असता. भाऊजींचा चेहरा मातीने माखलेला, त्यात दोन डोळे तिच्याकडे लागलेले. ताई खाली पाहत होती. शेतात खुंटीने ओढलेली रेघ होती. जिथे ती सुटली होती तिथून पुन्हा लागेपर्यंत माती स्वच्छ होती.

"मोजा," ताई म्हणाली.

भाऊजी त्या कोऱ्या मातीवरून पावलं टाकत निघाले. मीही बाजूने मोजत गेलो. रेघ पुन्हा लागली तिथे ते थांबले, मान वर केली आणि जुन्या सुरात ओरडले, "सत्तरऽऽ!"

"अठ्ठ्याहत्तर, भाऊजी," मी म्हणालो.

"कापा!" मागून ताई कडाडली. "माह्या उडन्याचीबी कट्टी कापा! अठ्ठ्याहत्तर पावलं गेली मी, जीव मुठीत धरून. उडालं तुमचं. शेड तुमचं. आता तुमाले वर जाचं असन तं शेचाळीस किलोचे व्हा, अन् तवपावतर मले कापसावर झोपू द्या."

ती लुनावर बसून गेली. वालाच्या बिया फळीवरच राहिल्या होत्या. त्या पावसाळ्यात तिने त्या घरामागे लावल्या.

विमान शेडमध्येच आहे. कापूस दर हिवाळ्यात घरात येतो, देव दर हिवाळ्यात डोकं बाहेर काढून बसतात. भाऊजींनी पोळ्याला पुरणपोळी सोडली, सावजीचा रस्सा सोडला, लग्नात पंगतीला बसून पाणी पितात आणि वाढप्याला वैताग आणतात. पहिल्या तारखेला ते शेडमधल्या काट्यावर उभे राहतात. काटा आता ताई वाचते. ते खाली पाहत नाहीत, तोंडावर हात ठेवतात, कारण मधूनच काहीतरी कमी आकडा बाहेर पडू पाहतो. मागच्या खेपेला मी तिथेच होतो. ताईने बराच वेळ काट्याकडे पाहिलं, भाऊजींच्या पायांतल्या चपला काढायला लावल्या, रुमाल काढायला लावला, पुन्हा पाहिलं.

"एकाहत्तर," ती म्हणाली. "खरे."